घर विकताय? आधी योग्य किंमत जाणून घ्या

पुण्यातला दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट. १९९२ साली कर्ज काढून घेतलेला. वडील गेले, मुले आपापल्या संसारात रमली आणि सत्तरी ओलांडलेली आई आता एकटीच तिथे राहते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघे कुरकुर करू लागले, तसे मुलीने तिला आपल्या जवळ नाशिकला राहायला बोलावले. फ्लॅट विकायचा, नाशिकला तळमजल्यावर छोटे घर घ्यायचे आणि उरलेली रक्कम आईच्या उतारवयासाठी बँकेत ठेवायची, एवढे सगळ्यांना मान्य झाले. प्रश्न आला तो किमतीचा.

थोरला मुलगा म्हणतो, ''एक कोटीच्या खाली जायचं नाही. दलालाने तसं सांगितलंय.'' मुलगी म्हणते, ''दादा, समोरच्या विंगमधला फ्लॅट ऐंशीला गेला.'' धाकटा मोबाइलवर जाहिराती बघून तिसराच आकडा सांगतो. आई गप्प बसते. तिला एवढेच कळते, की आपल्या नवऱ्याच्या आयुष्यभराच्या कमाईचा हा सौदा आहे आणि तो एकदाच होणार आहे.

असे चित्र आज कितीतरी घरांत दिसते. साडी घेताना चार दुकाने पालथी घालणारी, भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसे घर विकताना मात्र ऐकीव आकड्यावर विसंबतात. खरे तर घराची किंमत शास्त्रशुद्ध पद्धतीने काढून देणारे जाणकार आपल्याकडे आहेत. त्यांना नोंदणीकृत मूल्यमापक किंवा नेहमीच्या भाषेत 'व्हॅल्युअर' म्हणतात. पण त्यांच्याकडे जायचे ठरले, की दुसरा प्रश्न उभा राहतो. एक चार हजार फी सांगतो, दुसरा नऊ, तिसरा बारा. मग निवडायचा कोणाला?

कोणाचे काम काय?

घराशी संबंधित तीन वेगवेगळे तज्ज्ञ असतात आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात.

पहिला व्हॅल्युअर. तो घराची किंमत काढतो. दुसरा मोजणी करणारा. तो जमिनीची हद्द आणि क्षेत्र ठरवतो. तिसरा स्ट्रक्चरल इंजिनियर. तो इमारतीचे खांब, तुळया, स्लॅब तपासून तिची प्रकृती सांगतो.

सोसायटीतला फ्लॅट विकणाऱ्याला सहसा व्हॅल्युअर पुरेसा होतो. बंगला किंवा प्लॉट असेल आणि कुंपणाबद्दल शेजाऱ्याशी कुरबुर असेल, तर आधी मोजणी करून घेणे शहाणपणाचे. महाराष्ट्रात त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करावा लागतो. तिथली फी सरकारने ठरवलेली असते, त्यामुळे चार ठिकाणी चौकशी करण्याचा प्रश्न येत नाही. खासगी मोजणीदारही चांगले काम करतात, पण हद्दीचा वाद उपस्थित झाला तर सरकारी मोजणीच्या नकाशालाच वजन असते.

इमारत जुनी असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायला हवे. अहवाल तयार असेल, तर त्यासाठी वेगळा इंजिनियर नेमण्याचा खर्च वाचतो. शिवाय व्हॅल्युअरलाही तो उपयोगी पडतो.

दलालाचा फुकट अंदाज

''किंमत काढायला पैसे कशाला घालवायचे? दलाल फुकट सांगतो की!'' असे अनेकांना वाटते. दलाल आपल्या भागातले व्यवहार जाणतो, हे खरेच. पण त्याची कमाई सौदा होण्यावर अवलंबून असते. काम आपल्यालाच मिळावे म्हणून एखादा दलाल सुरुवातीला किंमत चढवून सांगतो. चार-सहा महिने गिऱ्हाईक फिरकत नाही, मालक कंटाळतो आणि मग तोच दलाल ''बाजार पडलाय'' म्हणत किंमत खाली आणतो. दुसरा एखादा सौदा झटपट उरकावा म्हणून आधीच कमी सांगतो. दोघेही खोटारडे असतील असे नाही, पण त्यांचे हित तुमच्या हिताशी पूर्णपणे जुळत नाही.

व्हॅल्युअरला मात्र घर विकले गेले काय, न गेले काय, ठरलेली फी मिळते. कंपनी कायद्याखाली २०१७ मध्ये केलेल्या नियमांत मूल्यमापकांसाठी आचारसंहिता आहे. लेखी करारात नमूद केलेल्या फीखेरीज काही घेऊ नये आणि गिऱ्हाइकाला सोयीचा आकडा काढून देऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणूनच ''तुम्हाला किती दाखवायचे आहेत?'' असे जो पहिल्याच भेटीत विचारतो, त्याला चहा पाजून निरोप द्यावा. अशा कागदाला ना खरेदीदार किंमत देतो, ना आयकर अधिकारी.

प्रश्न सगळ्यांना सारखाच विचारा

फीची तुलना करताना होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारणे. एकाला फोनवर ''फ्लॅटचं व्हॅल्युएशन करायचंय, किती घ्याल?'' म्हणायचे, दुसऱ्याला आयकराचे सांगायचे आणि तिसऱ्याला नुसताच पत्ता द्यायचा. मग तिघांचे आकडे वेगळे येणारच.

त्यापेक्षा एका कागदावर पुढील माहिती लिहा आणि तोच मजकूर निदान तीन व्हॅल्युअरना द्या:

० घराचा पत्ता, मजला, इमारतीचे वय आणि करारात लिहिलेले क्षेत्रफळ.

० हाताशी असलेली कागदपत्रे: खरेदीखत किंवा करारनामा, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, मंजूर नकाशा.

० किंमत कशासाठी हवी? विक्रीसाठी, आयकरासाठी की भावंडांतल्या वाटणीसाठी?

० कोणत्या तारखेची किंमत हवी? आजची, की १ एप्रिल २००१ ची, की दोन्ही?

० अहवाल किती दिवसांत हवा?

उत्तरही लेखीच मागा. त्यात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात. स्वतः घरी येऊन मोजमाप घेणार की नुसते कागद बघून किंमत सांगणार? अहवाल किती पानांचा, त्यात फोटो आणि आधाराला घेतलेले व्यवहार असणार का? जीएसटी फीमध्ये धरला आहे की वेगळा? जादा प्रतींचे पैसे किती? आणि पुढे आयकर कार्यालयाने शंका काढली तर उत्तर द्यायला मदत करणार का?

स्वस्त कोण, महाग कोण?

आता पुण्याच्या त्या कुटुंबाकडे वळू. त्यांना आजची आणि २००१ ची, अशा दोन्ही किमती हव्या आहेत. समजा, तिघांची उत्तरे अशी आली. (आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. फी गावागणिक आणि घरागणिक बदलते.)

पहिल्याने फी सांगितली ४,००० रुपये. पण खाली बारीक अक्षरांत लिहिले होते: प्रत्यक्ष भेट १,५०० वेगळे, २००१ च्या किमतीचा अहवाल ५,००० वेगळा, जादा प्रतींचे ५०० आणि वर १८ टक्के जीएसटी. बेरीज ११,००० आणि करासह १२,९८० रुपये.

दुसऱ्याने ९,००० सांगितले. त्यात भेट आणि प्रती आल्या, पण २००१ चा अहवाल ४,००० वेगळा आणि जीएसटीही वेगळा. एकूण १५,३४० रुपये.

तिसऱ्याने १२,००० सांगितले. भेट, मोजमाप, दोन्ही तारखांचे अहवाल आणि तीन प्रती, सगळे त्यातच. त्याची वर्षाची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेच्या आत असल्याने करही नाही. एकूण १२,००० रुपये.

म्हणजे पहिल्या नजरेला सर्वांत महाग वाटलेला तिसरा माणूस शेवटी सर्वांत स्वस्त ठरला आणि चार हजारवाला त्याच्यापेक्षा जवळजवळ हजार रुपयांनी महाग पडला. दर वेळी असेच होईल असे मुळीच नाही. पण वरचा आकडा बघून निवड करू नये, कामाची यादी समोर ठेवून शेवटची बेरीज करावी, एवढा धडा यातून घेता येतो.

फीइतकीच पात्रताही बघा. नोंदणी क्रमांक विचारा आणि नोंदणी 'जमीन व इमारत' या वर्गातली आहे ना, याची खात्री करा. यंत्रसामग्री किंवा शेअर्सचे मूल्यमापन करणारे वेगळे असतात. कंपनी कायद्याखालील नोंदणी नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे होते. आयकराच्या कामासाठी मात्र आयकर खात्याकडे नोंदलेला व्हॅल्युअर गाठावा. संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला, तरी त्या कायद्याखालची मूल्यमापकांची नोंदणी पुढेही चालू राहिली, हे अनेकांना ठाऊक नसते. तुमच्या भागात, तुमच्यासारख्या इमारतींत त्याने अलीकडे काम केले आहे का, हेही विचारा. कोथरूडचे फ्लॅट रोज बघणाऱ्याला कोकणातल्या वाडीची किंमत अचूक सांगता येईलच असे नाही.

अहवालात काय वाचावे?

अहवाल हाती आला की घरातले सगळे शेवटच्या पानावरचा आकडा शोधतात. त्याआधी क्षेत्रफळ पाहा. बहुतेक घोळ तिथेच असतो.

पुण्याच्या फ्लॅटच्या करारात ७५० चौरस फूट बिल्ट-अप लिहिले आहे आणि प्रत्यक्ष मोजल्यावर कार्पेट ६१० भरले, असे समजा. दलालाने दर सांगितला १२,००० रुपये. तो बिल्ट-अपला लावला तर ९० लाख होतात, कार्पेटला लावला तर ७३ लाख २० हजार. घर तेच, दर तोच आणि फरक जवळजवळ १७ लाखांचा! २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या केली आहे. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळून, आतल्या भिंतींसह वापरता येणारी जागा म्हणजे कार्पेट. जुन्या करारांत मात्र बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अपचा सुळसुळाट असतो. म्हणून दोन व्हॅल्युअरचे आकडे जुळले नाहीत, तर भांडण्याआधी दोघांनी कोणते क्षेत्रफळ धरले ते बघा.

मग पद्धत पाहा. फ्लॅटसाठी बहुधा शेजारपाजारचे अलीकडचे व्यवहार आधाराला घेतात. बंगल्यासाठी जमिनीची किंमत वेगळी आणि बांधकामाची घसारा वजा करून वेगळी काढतात. भाड्याने दिलेल्या दुकान-गाळ्यांसाठी उत्पन्नावरून हिशेब करतात. अहवालात कोणते व्यवहार धरले ते लिहिलेले असावे. जाहिरातीतली किंमत म्हणजे विकणाऱ्याची इच्छा असते. नोंदणी झालेल्या दस्तातली किंमत हा त्यापेक्षा भक्कम पुरावा आहे. महाराष्ट्रात नोंदणी विभागाच्या ई-सर्च सुविधेवर असे दस्त शोधता येतात.

सरकारी दराशीही ताळा घ्या. महाराष्ट्रात त्याला रेडी रेकनर म्हणतात, दिल्लीत सर्कल रेट, गुजरातमध्ये जंत्री, कर्नाटकात गायडन्स व्हॅल्यू. इंदूर-भोपाळकडे कलेक्टर गाइडलाइन म्हणतात. नावे निराळी असली तरी काम एकच, मुद्रांक शुल्कासाठी किमान किंमत ठरवणे. सौद्याची रक्कम या सरकारी किमतीपेक्षा कमी असेल, तर आयकर खाते सरकारी किंमतच विक्रीची किंमत मानते. दहा टक्क्यांपर्यंतच्या फरकाची सूट असते. ९० लाखांचा सौदा आणि सरकारी किंमत १ कोटी ५ लाख असेल, तर हाती न आलेल्या १५ लाखांवरही कर लागू शकतो. इमारत मोडकळीला आली आहे किंवा जागेला रस्ता नाही, अशी खरी कारणे असतील तर हे प्रकरण खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे पाठवण्याची मागणी करता येते. अशा वेळी आधी केलेला तपशीलवार अहवाल कामी येतो.

२००१ ची किंमत का हवी?

''चोवीस-पंचवीस वर्षांपूर्वीची किंमत काढून काय करायचं?'' असा प्रश्न धाकट्या मुलाला पडला. उत्तर आयकरात आहे.

घर १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेले असेल, तर भांडवली नफा काढताना मूळ खरेदी किमतीऐवजी त्या तारखेची बाजारभावाची किंमत धरता येते. मात्र त्या दिवसाची सरकारी किंमत उपलब्ध असेल, तर तिच्यापेक्षा जास्त धरता येत नाही.

२३ जुलै २०२४ पासून कराचा दर बदलला. आता महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता १२.५ टक्के कर भरायचा. पण त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घरांसाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना जुन्या पद्धतीने, म्हणजे निर्देशांक लावून २० टक्क्यांनी, हिशेब करून बघायची सवलत आहे. दोहोंपैकी कमी येईल तेवढाच कर द्यायचा.

आईचा फ्लॅट २०२५-२६ या वर्षात ९० लाखांना विकला असे धरू. १९९२ ची खरेदी ४ लाखांची होती. ती धरली तर नफा ८६ लाख आणि १२.५ टक्क्यांनी कर १० लाख ७५ हजार. २० टक्क्यांची वाट इथे आणखी महाग पडते. आता २००१ ची किंमत १२ लाख होती असे अहवालाने दाखवले आणि त्या वर्षीचा सरकारी दरही त्याच्या आड आला नाही, असे समजा. २०२५-२६ चा निर्देशांक ३७६ आहे आणि २००१-०२ चा १००. त्यामुळे १२ लाखांचे ४५ लाख १२ हजार होतात. नफा उरतो ४४ लाख ८८ हजार आणि २० टक्क्यांनी कर ८ लाख ९७ हजार ६००. अधिभार आणि उपकर बाजूला ठेवला, तरी १ लाख ७७ हजार ४०० रुपये वाचले. तेही संपूर्ण कायदेशीर मार्गाने!

बारा हजारांची फी जास्त की कमी, हे आता ज्याचे त्याने ठरवावे. हिशेब पक्का करण्याआधी आपल्या कर सल्लागाराला मात्र जरूर विचारावे.

खरेदीदाराची बँकही किंमत काढते

तुम्ही काढलेली किंमत खरेदीदाराच्या बँकेला बांधील नसते. बँक स्वतःच्या यादीतला व्हॅल्युअर पाठवते आणि त्याच्या आकड्यावर कर्ज देते. ७५ लाखांपेक्षा मोठ्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते, तर ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला ही मर्यादा ८० टक्के आहे.

समजा, तुम्ही एक कोटी दहा लाखांना सौदा ठरवलात आणि बँकेने किंमत काढली एक कोटी. खरेदीदाराला ८२ लाख ५० हजारांच्या कर्जाची आशा होती, मिळतात फार तर ७५ लाख. उरलेले पैसे तो कुठून आणणार? मग इसार दिल्यावर घासाघीस सुरू होते, तारखा पुढे जातात, कधी सौदाच मोडतो. इकडे तुम्ही नव्या घराचा इसार देऊन बसलेले असता. सुरुवातीलाच वास्तव किंमत हाती असेल, तर ही ओढाताण बरीच टळते.

अहवालाची तारीखही लक्षात ठेवा. वर्षभरापूर्वीचा आकडा आजच्या बाजाराला लागू पडेलच असे नाही. म्हणून घर विकण्याचे नक्की ठरल्यावरच मूल्यांकन करून घ्यावे.

घरातले वाद मिटतात

या सगळ्यात रुपये-पैशांपलीकडचाही एक फायदा आहे. त्या पुण्याच्या घरात थोरला एक कोटीवर अडून होता आणि बहिणीला वाटत होते, की दादा हट्टाने आईला आणखी वर्षभर तीन जिने चढायला लावणार. थोरल्याच्या मनात वेगळेच होते. घाईत घर स्वस्तात गेले तर आईला पुढे औषधपाण्याला पैसे कमी पडतील, ही त्याची काळजी होती. दोघेही आईचेच हित बघत होते, पण हातात खात्रीचा आकडा नसल्याने एकमेकांवर संशय घेत होते.

अशा वेळी तिऱ्हाइताने, घर मोजून, कारणे देऊन लिहिलेला कागद फार मोलाचे काम करतो. किंमत दादाचीही नसते आणि ताईचीही नसते. शेजारच्या अमुक व्यवहारात एवढा दर मिळाला, लिफ्ट नाही म्हणून एवढे कमी झाले, शाळा आणि बाजार जवळ म्हणून एवढे वाढले, असे कागदावर दिसले की आवाज खाली येतात. मग बोलणे होते ते पुढच्या बेताचे: नाशिकच्या घराला किती घालायचे आणि आईच्या नावावर बँकेत किती ठेवायचे.

एक पथ्य मात्र पाळावे. घर ज्याच्या नावावर, त्याच्याच नावाने अहवाल मागवावा आणि तो आधी त्याच्याच हाती द्यावा. मुले कितीही कर्ती असली, तरी घर आईचे असेल तर व्हॅल्युअर आल्यावर तिला खोलीत बसवून ठेवू नये. गळणारी खिडकी कोणती आणि स्वयंपाकघरातले कपाट केव्हा केले, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? तीन फींची यादी तिच्यापुढे ठेवा, बेरीज तिला समजावून सांगा आणि माणूस तिलाच निवडू द्या. आयुष्यभर काटकसरीने संसार केलेल्या बाईला चार हजार आणि बारा हजारांतला खरा फरक ओळखायला फार वेळ लागत नाही.